टाटाला निघण्याआधी: गावाकडच्या कॅन्सर रुग्णाच्या घरच्यांसाठी

माझ्या मावशीच्या गालात आतून एक फोड आला होता. मिश्री लावायची सवय लग्नाआधीपासूनची. तालुक्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं, मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, मग दुसरं मलम. चार महिने त्यात गेले. शेवटी लातूरला तुकडा तपासला, रिपोर्टवर कॅन्सर आला आणि तिसऱ्या दिवशी आम्ही मुंबईच्या गाडीत बसलो. सोबत रिपोर्टची फाईल, थोडे पैसे आणि बिनआरक्षणाची तिकिटं. तपासलेल्या तुकड्याचा ब्लॉक मात्र लॅबमध्येच राहिला होता. ब्लॉक नावाची काही वस्तू असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मावसभाऊ परत लातूरला जाऊन तो घेऊन आला, त्यात सहा दिवस गेले. ते सहा दिवस मावशी परळच्या एका फूटपाथवर चटई टाकून बसली होती.

त्यानंतर आमच्या भागातल्या बऱ्याच जणांसोबत मी परळला, टाटा कॅन्सर रुग्णालयात, गेलो. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. औषधं आहेत, डॉक्टर आहेत, मशीन आहेत. रुग्णाचे दिवस वाया जातात ते कागदांत, राहायच्या जागेच्या शोधात आणि भीतीत. यातलं बरंचसं गाव सोडण्याआधी घरी बसून निस्तरता येतं. म्हणून हे लिहितो आहे.

पहिली पायरी: तुकडा तपासून घ्या, गाठ कापून टाकू नका

तोंडातला फोड किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तोंड उघडल्यावर तीन बोटं उभी मावेनाशी झाली, स्तनात न दुखणारी गाठ लागली, पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा अंगावरून जायला लागलं, आवाज बसला तो सुटेना, गिळताना घास अडकायला लागला, की मलमाची दुसरी ट्यूब आणू नका. थेट जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठा. न दुखणारी गाठ लोक सर्वांत जास्त दिवस अंगावर काढतात. दुखत नाही म्हणजे काही नाही, ही समजूत फार महाग पडते.

बायोप्सीबद्दल, म्हणजे तुकडा काढून तपासण्याबद्दल, गावोगाव एकच वाक्य ऐकू येतं: “चाकू लागला की पसरतो.” हे खरं नाही. तुकडा तपासल्याशिवाय कोणता कॅन्सर आहे ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय कोणताही डॉक्टर उपचार ठरवू शकत नाही. या एका भीतीपायी माणसं गाठ जिरवायच्या लेपात आणि काढ्यात महिने घालवतात.

खरा धोका दुसरीकडे आहे. काही ठिकाणी न तपासताच सांगतात, “छोटी गाठ आहे, काढून टाकू, मग बघू.” ती गाठ कॅन्सरची निघाली आणि अर्धवट काढलेली असली, तर पुढच्या सर्जनचं काम अवघड होतं. बऱ्याचदा दुसरं, आधीपेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागतं. स्तनातल्या आणि हातापायांतल्या गाठींच्या बाबतीत हे फार होतं. म्हणून आधी सुईने किंवा छोटा तुकडा काढून तपासणी, मग कॅन्सरचं काम नेहमी करणारा सर्जन. हा क्रम मोडू देऊ नका.

दुसरी पायरी: टाटालाच जायचं का, हे ठरवा

आपल्याकडे कॅन्सर म्हटलं की पुढचा शब्द टाटा. ते साहजिक आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, आणि तिथे गरीब रुग्णाला कमी दरात जे उपचार मिळतात ते बाहेर परवडणारे नसतात. पण देशभरातून माणसं येतात, त्यामुळे गर्दी प्रचंड असते आणि प्रत्येक टप्प्यावर थांबावं लागतं.

आणि आता महाराष्ट्रात टाटा हा एकच दरवाजा नाही. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. विदर्भासाठी नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे, कोकणात डेरवणचं वालावलकर रुग्णालय. टाटाचंच दुसरं मोठं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. देशभरातली अनेक रुग्णालयं ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’मध्ये जोडलेली आहेत. उपचाराची पद्धत सगळीकडे एकसारखी राहावी हा त्यामागचा हेतू आहे.

हे का सांगतो? तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला शेक (रेडिएशन) द्यायचा ठरला तर तो आठवड्याचे पाच दिवस, असा साधारण पाच ते सात आठवडे चालतो. रोजचं काम काही मिनिटांचं, पण ते रोज असतं. म्हणजे दोन माणसांना दीड-दोन महिने मुंबईत राहायचं, खायचं, आणि गावाकडे शेत, जनावरं, मुलं सोडायची. मी बरोबर गेलेल्यांपैकी जे मध्येच परतले, त्यातले बहुतेक या शेकाच्या दिवसांत परतले.

माझं मत असं: आजार दुर्मीळ असेल, लहान मूल असेल, ऑपरेशन गुंतागुंतीचं असेल किंवा स्थानिक डॉक्टरांना खात्री नसेल, तर परळ. बाकीच्यांनी एकदा परळला दाखवून उपचाराचा आराखडा लिहून घ्यावा आणि किमो (कॅन्सरवरची औषधं) किंवा शेक घराजवळ मिळतो का ते तिथल्याच डॉक्टरांना विचारावं. ते चिठ्ठी देतात. विचारायला लाजू नका, त्यांनाही रुग्णाने उपचार पूर्ण करावेत हेच हवं असतं. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत किमोसाठी डे-केअर केंद्रं (दिवसा उपचार घेऊन घरी परतायची सोय) उघडण्याची घोषणा झाली आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयात ते सुरू झालं आहे का, याची चौकशी निघण्याआधीच करून ठेवा.

तिसरी पायरी: कागद

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची. यासाठी दोन दिवस बाजूला काढा.

आधी आजाराचे कागद. बायोप्सी झाली त्या लॅबमध्ये जाऊन रिपोर्टसोबत स्लाइड आणि ब्लॉक मागा. स्लाइड म्हणजे काचेची पट्टी. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, छोट्या प्लास्टिकच्या खोक्यात असतो. मोठ्या रुग्णालयात ते दोन्ही पुन्हा तपासतात, त्याशिवाय पुढे सरकत नाहीत. ब्लॉक नसेल तर पुन्हा बायोप्सी करावी लागू शकते. लॅबने कां-कू केली तर लेखी अर्ज द्या. तो तुमच्या माणसाच्या शरीराचा तुकडा आहे, तुम्हाला तो मिळायलाच हवा. उन्हाळ्यात मेण मऊ होतं, म्हणून ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हात ठेवू नका.

सीटी, एमआरआय, पेट स्कॅन झाले असतील तर त्यांची सीडी घ्या. नुसता रिपोर्ट किंवा मोबाइलमधला फोटो पुरत नाही. आधी ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनमध्ये काय केलं त्याची नोंद. किमो झाली असेल तर कोणतं औषध, किती मात्रा, कोणत्या तारखेला. बीपी, शुगर, हृदयाच्या चालू गोळ्यांची पाकिटं तशीच पिशवीत टाका.

मग ओळखीचे आणि पैशाचे कागद: आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, रुग्णाचे आठ-दहा फोटो, आणि प्रत्येकाच्या निदान पाच-पाच झेरॉक्स.

इथे सर्वांत जास्त माणसं अडतात ती नावावर. आधारवर ‘सुमनबाई’, रेशनकार्डवर ‘सुमन’, रिपोर्टवर नुसतं माहेरचं आडनाव. नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. म्हाताऱ्या आईचं नाव थोरल्याच्या कार्डात आणि ती राहते धाकट्याकडे. मुंबईच्या खिडकीवर यातलं काहीच दुरुस्त होत नाही. तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात जाऊन रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर आहे का आणि त्यात रुग्णाचं नाव दिसतं का, हे आधी बघा. नसेल तर आजाराचे कागद दाखवून तातडीने नोंद करायला सांगा. ग्रामपंचायत सदस्य, तलाठी, ज्याची म्हणून ओळख असेल ती अशा वेळी वापरा. त्यात काही गैर नाही.

सगळं एका चेनच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवा, आणि तो फोल्डर एकाच माणसाकडे राहू द्या. दर खेपेला वेगळा मुलगा, वेगळा पुतण्या आला की मागच्या खेपेला डॉक्टर काय म्हणाले ते कुणालाच माहीत नसतं.

चौथी पायरी: परळचे पहिले दिवस

गाडी दादरला थांबत असेल तर तिथे उतरा, तिथून टॅक्सीने टाटा जवळ आहे. लोकलने जायचं तर परळ स्टेशन. बाजूलाच केईएम आणि वाडिया ही मोठी रुग्णालयं आहेत, नवखा माणूस चुकतो, म्हणून टॅक्सीवाल्याला “टाटा कॅन्सर हॉस्पिटल” असं स्पष्ट सांगा. सोमवारी गर्दी जास्त असते. जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी पोहोचा, सकाळी लवकर.

पहिलं काम फाईल काढणं. नोंदणीच्या वेळी विचारतात, जनरल की प्रायव्हेट? घाबरून किंवा ‘चांगले डॉक्टर मिळावेत’ म्हणून बरीच माणसं प्रायव्हेट सांगतात. दोन्हीकडे डॉक्टरांचे गट तेच आणि उपचाराची पद्धत तीच असते. फरक दरात आणि सोयीत आहे. सरकारी योजना आणि मदतनिधी यांची वाट साधारणपणे जनरलमधूनच जाते. मी ज्यांच्याबरोबर गेलो त्या प्रत्येकाला जनरलच घ्यायला लावलं.

फाईल नंबर मिळतो आणि एक कार्ड मिळतं. त्या कार्डात पैसे भरायचे, तपासण्यांचे पैसे त्यातून वजा होतात. कार्डाचा आणि फाईलच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. नोंदणीला दिलेला मोबाइल नंबर उपचार संपेपर्यंत बदलू नका, सगळे निरोप त्याच नंबरवर येतात.

मग ज्या अवयवाचा आजार त्या विभागाची ओपीडी. डोकं-मान, स्तन, पोट, स्त्रियांचे आजार, रक्त, सगळे विभाग वेगळे. पहिल्या दिवशी उपचार सुरू होत नाहीत, हे मनाशी पक्कं धरा. तपासण्या होतात, ब्लॉक पुन्हा पाहिला जातो, मग सर्जन, किमोचे डॉक्टर आणि शेकाचे डॉक्टर मिळून आराखडा ठरवतात. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. आमची माणसं चौथ्या दिवशी म्हणतात, “इथे कुणी बघतच नाही, चला परत.” बघतात. घाई करून चुकीचा उपचार सुरू होण्यापेक्षा ते थांबणं बरं.

डॉक्टरांसमोर मिनिटं मोजकी मिळतात, म्हणून प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहा. आजार कितव्या टप्प्यात आहे? बरा करण्यासाठी उपचार आहेत की त्रास कमी करण्यासाठी? एकूण किती महिने? अंदाजे खर्च किती? कोणता भाग घराजवळ करता येईल? डॉक्टर हिंदी किंवा इंग्रजीत बोलले आणि कळलं नाही, तर “मराठीत परत सांगा” म्हणा. मराठी बोलणारं कुणी ना कुणी तिथे असतंच.

आवारात कुणी “लवकर नंबर लावून देतो, पास काढून देतो” म्हणत जवळ आलं तर पैसे देऊ नका आणि फाईल हातात देऊ नका.

पाचवी पायरी: पैसा

पहिली चौकशी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. केंद्राच्या आयुष्मान भारतसोबत जोडलेल्या या राज्याच्या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि आता पिवळं, केशरी, पांढरं असा रेशनकार्डाचा भेद राहिलेला नाही. कॅन्सरची ऑपरेशनं, किमो, शेक यांची पॅकेजेस त्यात आहेत. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती आणि मदत देणारा माणूस, बसतो. दाखल होण्याच्या आधी त्याला भेटा, कारण मंजुरी आधी लागते. चौकशीसाठी १५५३८८ हा नंबर आहे, आयुष्मानसाठी १४५५५.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. निदान पक्कं होईपर्यंतच्या तपासण्यांचा खर्च बहुतेक वेळा स्वतःलाच करावा लागतो. निघताना हाताशी रोख रक्कम हवी ती यासाठी. उपचार योजनेतून होतील म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका. पण म्हणून शेतही विकू नका. निदान झाल्याच्या आठवड्यातच घाबरून एकर-दीड एकर मातीमोल भावाने विकलेलं मी पाहिलं आहे, आणि तो उपचार पुढे योजनेतच झाला.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. तिथले समाजसेवक हे या सगळ्या प्रवासातले सर्वांत उपयोगी लोक आहेत असं मी अनुभवाने म्हणतो. परिस्थिती आहे तशी सांगा, कमी-जास्त करू नका. कोणत्या ट्रस्टला अर्ज करायचा, कोणता कागद जोडायचा हे ते सांगतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी आता मंत्रालयापर्यंत जावं लागत नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातही त्याचा कक्ष आहे. डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. झालेल्या खर्चाची भरपाई त्यातून मिळत नाही, म्हणून अर्ज आधी करायचा.

खाजगी धर्मादाय रुग्णालयात उपचार घेत असाल तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. स्वागतकक्षावर “तसं काही नाही” म्हणाले तर तिथल्या समाजसेवकाला भेटा, तिथेही नाही जमलं तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा.

लहान मुलांच्या बाबतीत टाटामध्ये ‘इम्पॅक्ट फाउंडेशन’ वेगळं काम करतं, खर्चापासून राहण्यापर्यंत. पैशाअभावी मुलाला परत नेण्याआधी त्यांच्याशी बोला. मुलांचे बरेच कॅन्सर पूर्ण बरे होतात.

सहावी पायरी: राहायचं कुठे

दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही दोन नावं पाठ करा. टाटाचं स्वतःचं वांद्र्याला डॉ. बोर्जेस स्मृतिगृह आहे. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तिथे राहणं मोफत असतं. सगळीकडे रुग्णालयाचा कागद लागतो आणि सगळीकडे प्रतीक्षायादी असते. म्हणून फाईल निघाली की त्याच दिवशी समाजसेवा विभागातून चिठ्ठी घ्या आणि दोन-तीन ठिकाणी नाव लावा. पहिल्या चार-पाच दिवसांसाठी नातेवाईक, गावातला कुणी कामगार, लॉज, काहीतरी आधीच ठरवून निघा. टाटाच्या आसपास अनेक मंडळी रोज मोफत जेवण वाटतात. रांगेत उभं राहायचा संकोच करू नका.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. त्याचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यानिशी मिळतो. एसटीतही सवलत आहे.

सातवी पायरी: मध्येच सोडू नका

शेक घ्यायचा असेल तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवतात. किडलेले दात शेकाआधीच काढावे लागतात, कारण नंतर जबड्याची जखम भरत नाही. हे टाळू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलून निघतं, पाणीही गिळवत नाही. नाकातून नळी घालायची म्हटलं की घरचे रडायला लागतात, “आता काही खरं नाही.” नळी ही शेवटची खूण नसते. उपचार पूर्ण होईपर्यंत पोटात अन्न जावं एवढंच तिचं काम. मावशीला अडतीस दिवस नळी होती. पातळ वरण, दूध, नाचणीची पेज, मिक्सरमध्ये फिरवलेली अंडी, सगळं त्यातून गेलं.

किमोच्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असो की लग्नघर, थेट रुग्णालय गाठा. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबू नका, शरीराची जंतूंशी लढायची ताकद त्या काळात उतरलेली असते. साधा थर्मामीटर विकत घेऊन उशाशी ठेवा.

बाईमाणूस आजारी असेल तर माझी घरातल्या पुरुषांना हात जोडून विनंती आहे. पेरणी, पोरीचं लग्न, नातवाची परीक्षा या कारणांनी तिची तारीख पुढे ढकलू नका. ती स्वतःच म्हणेल, “मला बरं वाटतंय आता, राहू द्या.” तिला घरचा खर्च दिसत असतो म्हणून ती तसं म्हणते. किमोची तारीख लांबली तर उपचाराचा परिणाम कमी होतो. कारण खरंच अटळ असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा, परस्पर ठरवू नका.

रुग्णापासून आजार लपवू नका, असंही मी सांगेन. लपत नाही. इमारतीवर नाव लिहिलेलं असतं, वॉर्डात सगळ्यांचे केस गेलेले असतात. मावशीला आम्ही आठवडाभर “दाढेचं दुखणं” सांगत होतो. तिने एका रात्री विचारलं, “दाढेसाठी मुंबई लागते व्हय रे?” सांगितल्यावर ती रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून औषधाच्या वेळा स्वतः पाळायला लागली.

काहींच्या बाबतीत आजार बरा होण्यापलीकडे गेलेला असतो. तेव्हाही “घरी न्या” म्हणजे सगळं संपलं असं नसतं. वेदना कमी करणारा पॅलिएटिव्ह विभाग टाटामध्ये आहे. मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या तर व्यसन लागत नाही, आणि माणूस रात्री झोपू शकतो. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेतं, गोव्यातही त्यांचं सदन आहे.

उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी दाखवायला बोलावतात. आजार परत आलाच तर बहुधा याच काळात येतो, म्हणून बरं वाटत असलं तरी जायचं. प्रत्येक खेपेला परळ सोडण्याआधी तीन कामं उरकून घ्या: पुढची तारीख फाईलवर लिहून घेणं, पुढच्या प्रवासाचा रेल्वे सवलतीचा फॉर्म घेणं, आणि येताना कोणत्या तपासण्या गावाकडूनच करून आणायच्या ते विचारणं.